रुबिडियमच्या सुपरफ्लुइड ढगात अडथळा फिरवून क्रिटिकल व्हेलॉसिटी काढताय? मग हा क्रम सोडू नका

दर वर्षी जानेवारी उजाडला की एमएस्सीच्या प्रोजेक्टवाल्या पोरांचे मेसेज सुरू होतात, आणि प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, की दादा, अडथळा अगदी हळू फिरवला तरी भोवरे दिसतायत, मग हे सुपरफ्लुइड, म्हणजे घर्षणाशिवाय वाहणारं, कसलं? मागच्या महिन्यात पाषाणला चहाच्या टपरीवर एका मुलीने लॅपटॉप उघडून मला वेव्हफंक्शनच्या फेजचं चित्र दाखवलं, रंगीबेरंगी, चौकोनाच्या चारही कोपऱ्यांत साठ-सत्तर भोवरे, आणि मधे जिथे खरंच अणू होते तिथे एकही नाही. बिचारीने दोन आठवडे ते कोपऱ्यातले भोवरे मोजले होते. तिचं भौतिकशास्त्र चुकलं नव्हतं, पायऱ्यांचा क्रम चुकला होता, आणि हे इतक्या जणांचं होताना बघितलंय की आता सगळं एकदाच नीट लिहून टाकतो.

आपलं काम असं: चपट्या, पॅनकेकसारख्या रुबिडियम-८७ च्या कंडेन्सेटमधे (अतिथंड अणूंचा ढग, सगळे अणू एकाच अवस्थेत) लेझरच्या ठिपक्यासारखा अडथळा फिरवायचा आणि कुठल्या वेगापर्यंत ढगाला काहीच होत नाही ते, म्हणजे क्रिटिकल व्हेलॉसिटी, शोधायचं. पायथन आणि नमपाय पुरतं. २५६ गुणिले २५६ च्या ग्रिडला एक कॉम्प्लेक्स अ‍ॅरे एक एमबीचा होतो, साध्या लॅपटॉपवर आरामात चालतं. थ्रीडीमधे २५६ चा घन घेतलात तर तोच अ‍ॅरे २६८ एमबीचा होतो, म्हणून आधी टूडी पक्कं करा, मोठ्या मशीनवर वेळ मागायला नंतर जा.

१. आधी बघा, हे मॉडेल तुमच्या प्रश्नाला चालतं का

आपण वापरणार ग्रॉस-पिटाएव्स्की समीकरण, पुढे नुसतं जीपी म्हणतो. यात तापमान शून्य धरलेलं असतं आणि सगळे अणू एकाच वेव्हफंक्शनमधे असतात. त्यामुळे तापमान वाढवल्यावर सुपरफ्लुइड किती उरतं, टूडीमधलं बीकेटी संक्रमण (तापमान वाढल्यावर सुपरफ्लुइडपणा जातो तो टप्पा) कुठे होतं, असे प्रश्न असतील तर नुसतं जीपी घेऊन बसू नका, उत्तर येईल पण त्याला अर्थ नसेल. बीकेटीला सुपरफ्लुइड घनता गुणिले थर्मल वेव्हलेंथचा वर्ग बरोबर ४ ही अट असते, आणि आपल्या समीकरणात थर्मल वेव्हलेंथच नाही. लिथियम-६ चे फर्मिऑन तीव्र इंटरॅक्शनमधे घेतले असतील तरी हे चालत नाही, तिथे जोड्या बनतात आणि गणित वेगळं.

तपासणी: थ्रीडी घनता गुणिले स्कॅटरिंग लेंथचा (अणूंमधल्या इंटरॅक्शनचं माप असलेली लांबी) घन एवढी संख्या काढा. खाली मी घेतलेल्या आकड्यांना ती साधारण लाखात एक येते, म्हणजे जीपीला हरकत नाही.

२. संगणक बंद ठेवा, आकडे कागदावर काढा

हा टप्पा सगळे उडवतात आणि निम्म्या चुका इथल्याच असतात.

उदाहरण धरू. अणू १३,०००. पॅनकेकच्या प्रतलात ट्रॅप २० हर्ट्झ, उभ्या दिशेत १००० हर्ट्झ. रुबिडियम-८७ चं वस्तुमान १.४४३ गुणिले १० चा उणे २५ वा घात किलो, स्कॅटरिंग लेंथ ५.३ नॅनोमीटर. यावरून प्रतलातली ऑसिलेटर लेंथ २.४१ मायक्रोमीटर येते, उभी ०.३४१ मायक्रोमीटर. आता लांबी २.४१ मायक्रोमीटरमधे मोजायची, वेळ ७.९६ मिलिसेकंदांत (२० हर्ट्झच्या कोनीय वारंवारतेचा व्यस्त), आणि ऊर्जा एच-बार ओमेगामधे. ही तीन एककं वहीच्या पहिल्या पानावर लिहा, कारण शेवटी उत्तर मिलिमीटर प्रति सेकंदात सांगायचंय आणि तेव्हा ती हमखास सापडत नाहीत.

मग इंटरॅक्शनचा जी. टूडीमधे जी म्हणजे ८ पायचं वर्गमूळ, गुणिले अणूंची संख्या, गुणिले स्कॅटरिंग लेंथ भागिले उभी ऑसिलेटर लेंथ. आपल्या आकड्यांना १०१३ येतो. इथे वेव्हफंक्शन एकला नॉर्मलाइज केलंय असं धरलंय. तुम्ही अणूंच्या संख्येला नॉर्मलाइज करत असाल तर जीमधून १३,००० काढून टाका, दोन्हीकडे ठेवलेत की ढग प्रचंड फुगतो.

इशारा: पुस्तकातला ४ पायवाला थ्रीडीचा जी उचलून टूडीच्या कोडमधे टाकू नका. तसा टाकला तर ३५९ येतो, कोड कुरकुर करत नाही, ढगही छान गोल दिसतो, फक्त त्रिज्या ५.९९ च्या जागी ४.६२ येते आणि पुढचा प्रत्येक आकडा चुकतो.

आता थॉमस-फर्मीचे अंदाज, म्हणजे कायनेटिक ऊर्जा सोडून काढलेले. केमिकल पोटेन्शियल म्यू म्हणजे जी भागिले पाय याचं वर्गमूळ, १७.९६. ढगाची त्रिज्या म्हणजे दोन म्यूचं वर्गमूळ, ५.९९, खऱ्या मापात १४.४ मायक्रोमीटर. मध्यावरची हीलिंग लेंथ (घनता शून्यापासून पूर्ववत व्हायला साधारण लागतं ते अंतर) त्रिज्येच्या व्यस्त, ०.१६७, म्हणजे ०.४ मायक्रोमीटर. आणि मध्यावरचा ध्वनीचा वेग म्यूचं वर्गमूळ, ४.२४, म्हणजे १.२८ मिलिमीटर प्रति सेकंद. मिलिमीटरच, मीटर नाही, चुकून वाचू नका.

तपासणी: उभ्या दिशेतली ऊर्जा ५०, म्यू १८ च्या आत, म्हणजे उभी दिशा गोठलेली आहे आणि टूडी म्हणायला हरकत नाही. उभा ट्रॅप २०० हर्ट्झ असता तर ऊर्जा १० झाली असती आणि टूडीचा दावाच खोटा ठरला असता.

३. ग्रिड

चौकोन उणे १० ते अधिक १०, प्रत्येक दिशेत २५६ बिंदू. अंतर ०.०७८ पडतं, हीलिंग लेंथच्या निम्म्याच्या जरा आत. भोवऱ्याचा गाभा साधारण हीलिंग लेंथएवढा असतो, त्यामुळे दोन बिंदूंपेक्षा कमी बसत असतील तर भोवरा हलताना ग्रिडला अडकल्यासारखा वागतो आणि तुम्हाला वाटतं काहीतरी नवीन सापडलं. चौकोनाच्या कडेला ट्रॅपची उंची ५० असते, म्यूच्या जवळजवळ तिप्पट, त्यामुळे अणू एका कडेने बाहेर जाऊन दुसऱ्या कडेने आत येत नाहीत. एफएफटीला (संगणकावरचा जलद फूरिए ट्रान्सफॉर्म) चौकोन आवर्ती वाटतो हे कायम डोक्यात ठेवा.

इथल्या दोन चुका मी इतक्यांदा पाहिल्यात की आता कुणाचाही कोड आला की आधी त्याच बघतो. एक, लिनस्पेसमधे शेवटचा बिंदू धरणं. आवर्ती चौकोनात उणे १० आणि अधिक १० हा एकच बिंदू आहे, तो दोनदा घेऊ नका. दुसरी, एफएफटी-फ्रिक्वेन्सीचं फंक्शन जे देतं त्याला २ पायने न गुणणं. ते आवर्तनं देतं, आपल्याला वेव्हनंबर हवाय. शिवाय त्याचा क्रम शून्य, मग धन, मग ऋण असा असतो, तो तसाच राहू द्या, शिफ्ट फक्त चित्र काढताना.

वेळेची पायरी: प्रत्येक दिशेत कायनेटिक भागाची सगळ्यात मोठी फेज पायच्या आत राहिली पाहिजे, त्यातून पायरीची मर्यादा येते २ गुणिले अंतराचा वर्ग भागिले पाय, इथे ०.००३९. मी ०.००१ घेतो. ग्रिड ५१२ चा केलात तर मर्यादा ०.००१ च्याही किंचित खाली जाते, तेव्हा ०.०००५ घ्या. ग्रिड बारीक करून पायरी जुनीच ठेवायची, हे फार होतं.

४. ग्राउंड स्टेट, इमॅजिनरी टाइममधे

वेळेच्या जागी उणे आय टाऊ घालायचं आणि स्प्लिट-स्टेप चालवायचं, म्हणजे पोटेन्शियलची अर्धी पायरी, मग एफएफटी करून कायनेटिकची पूर्ण, परत येऊन पोटेन्शियलची अर्धी, आणि प्रत्येक पायरीनंतर नॉर्मलायझेशन, दहा पायऱ्यांनी नाही, प्रत्येक. शेवटच्या अर्ध्या पायरीला घनता नव्याने काढा, सुरुवातीची जुनी वापरू नका. सुरुवात थॉमस-फर्मीच्या उलट्या वाटीने करा, सपाट वेव्हफंक्शनपेक्षा लवकर पोचतं.

आधी टाऊची पायरी ०.०१ ठेवून बरंच जवळ जा, मग ०.००१ करा. इमॅजिनरी टाइममधे पायरी मोठी असली की ऊर्जा स्थिर होते खरी, पण थोड्या चुकीच्या जागी स्थिर होते, कारण स्प्लिटिंगची चूक उत्तरात मुरलेली असते. आकडा हलायचा थांबला म्हणजे बरोबर आला असं नाही.

थांबायचं कधी? म्यूचे सलग दोन आकडे आठव्या दशांशापर्यंत जुळले की.

तपासणी: म्यू म्हणजे कायनेटिक, अधिक ट्रॅप, अधिक इंटरॅक्शनच्या दुप्पट. इंटरॅक्शन दोनदा येतं, एकदाच धरलंत तर ती एकूण ऊर्जा झाली, म्यू नाही. उत्तर १७.९६ पेक्षा किंचित जास्त यायला हवं, कारण थॉमस-फर्मीत कायनेटिक ऊर्जा सोडलेली असते. कमी आलं तर थांबा, पुढे जाऊ नका.

५. परीक्षा, अडथळा आणायच्या आधी

हा टप्पा मी कुणालाच सोडू देत नाही, त्यावरून पोरं रुसतातही. एक दुपार जाते, पण पुढचे दोन महिने वाचतात.

पहिली, जी शून्य करा. टूडी ऑसिलेटरची ऊर्जा बरोबर १ आली पाहिजे. ०.१५९ आली तर वेव्हनंबरला २ पायने गुणायचं राहिलंय, कोडमधे दुसरं काही शोधू नका.

दुसरी, व्हिरियल, म्हणजे ऊर्जांमधलं ठरलेलं नातं. टूडीमधे कायनेटिक अधिक इंटरॅक्शन बरोबर ट्रॅपची ऊर्जा. थ्रीडीत इंटरॅक्शनला दीड पट लागते, सूत्र कुठून उचलताय ते बघा.

तिसरी, ग्राउंड स्टेट घेऊन रिअल टाइममधे १० एककं नुसतं चालवा, काहीही न हलवता. घनता दगडासारखी स्थिर राहिली पाहिजे. श्वास घेतल्यासारखी आतबाहेर होत असेल तर एकतर ग्राउंड स्टेट पूर्ण उतरलेली नाही, किंवा इमॅजिनरी आणि रिअलच्या कोडमधे जी वेगवेगळे आहेत. दोन फाइलींत दोन जी, हे खरंच होतं, म्हणून सगळे आकडे एकाच फाइलमधे ठेवा.

चौथी, ढग एक एककाने सरकवून सोडा. तो ६.२८३ च्या आवर्तनाने डोलला पाहिजे, जी कितीही असो. पाचवी मला सगळ्यात आवडते. ग्राउंड स्टेट ट्रॅप किंचित घट्ट करून काढा आणि मूळ ट्रॅपमधे सोडा, ढगाची रुंदी ३.१४२ च्या आवर्तनाने कमीजास्त होते, कारण टूडी जीपीत हा मोड ट्रॅपच्या बरोबर दुप्पट वारंवारतेला बांधलेला आहे आणि इंटरॅक्शनने तो हलत नाही. हे दोन्ही आकडे आले की तुमचं रिअल टाइमचं यंत्र बरोबर चालतंय यावर मी सही करायला तयार आहे.

रिअल टाइममधे नॉर्मलायझेशन करू नका. नॉर्म आपोआप टिकायला हवा, टिकत नसेल तर ती तक्रार आहे, ती दाबून टाकू नका.

६. अडथळा

खडकवासल्यातून पाणी सोडलं की मुठेवरच्या पुलांच्या खांबांमागे भोवरे सुटताना पुण्यात सगळ्यांनी पाहिलेत. पाणी चिकट असल्यामुळे हळू वाहतानाही खांबावर जोर येतोच. आपल्या ढगात खांब पाण्यातून फिरवायचाय, आणि ठराविक वेगाखाली त्याच्यावर जोर येत नाही, हेच दाखवायचंय.

अडथळा म्हणजे गाउसियन पोटेन्शियल, उंची ३६, सिग्मा ०.५. केंद्रातून सरळ रेषेत नेऊ नका, कारण वाटेत घनता बदलते आणि ध्वनीचा वेगही, मग तुम्ही कुठल्या वेगाशी तुलना करणार? २.५ त्रिज्येच्या वर्तुळावर फिरवा. तिथे ट्रॅपचे ३.१ वजा जाऊन म्यू १४.८ उरतो, आणि ध्वनीचा स्थानिक वेग ३.८५, म्हणजे १.१७ मिलिमीटर प्रति सेकंद. पुढे सगळे वेग याच आकड्याने भागायचे, मध्यावरच्या ४.२४ ने नाही. अडथळ्याचं रिकामं भोक साधारण ०.६७ त्रिज्येचं पडतं, तिथल्या हीलिंग लेंथच्या साडेतीन पट.

क्रम असा:

क) अडथळा जागेवर ठेवूनच ग्राउंड स्टेट परत काढा. तयार ढगात अडथळा अचानक टाकलात तर ध्वनिलहरींचा धक्का बसतो आणि ती ऊर्जा पुढे घर्षणाची म्हणून मोजली जाते.

ख) वेव्हफंक्शनमधे अगदी थोडा रँडम नॉइज मिसळा, त्याचा सीड (रँडम आकडे ज्यापासून सुरू होतात ती संख्या) लिहून ठेवा. पूर्ण सममित स्थितीतून कधीकधी भोवरा सुटायला अवास्तव उशीर लागतो.

ग) वेग शून्यावरून हव्या त्या आकड्यापर्यंत २-३ एककांत हळूहळू चढवा.

घ) एक फेरी फिरवा, प्रत्येक वेगाला तेवढंच अंतर. मग वेग हळूहळू उतरवा, अडथळ्याची उंची हळूहळू शून्य करा, आणि त्यानंतरची ऊर्जा मोजा.

ङ) हाच सगळा कार्यक्रम वेग शून्य ठेवून एकदा चालवा, आणि ती ऊर्जा बाकी सगळ्यांतून वजा करा. हे न करता आलेला आलेख मी बघतही नाही, कारण अडथळा काढतानाही ढगाला थोडा हिसका बसतोच.

वजाबाकीनंतर उरलेली ऊर्जा भागिले अंतर म्हणजे सरासरी अवरोधक बल. एवढंच हवंय आपल्याला.

दर थोड्या वेळाने वेव्हफंक्शन डिस्कवर सेव्ह करत जा. गुरुवारी लाइट गेली की रात्रभराचा रन जातो, आणि परत चालवताना लोक घाईत पायरी मोठी करतात.

७. भोवरे मोजणं

ग्रिडच्या प्रत्येक छोट्या चौकोनाभोवती फेज एक फेरी मोजा, प्रत्येक बाजूचा फरक उणे पाय ते पायमधे आणून बेरीज करा. २ पाय आली तर भोवरा, उणे २ पाय आली तर उलटा भोवरा. पण ही मोजणी फक्त तिथेच जिथे घनता कमाल घनतेच्या दहा टक्क्यांहून जास्त आहे. ढगाबाहेर घनता इतकी नगण्य असते की फेजला काही अर्थच नसतो, आणि टपरीवरच्या त्या मुलीचे साठ-सत्तर भोवरे तिथलेच होते. भोवऱ्याच्या गाभ्यात घनता शून्य असते, त्यामुळे घनतेची अट त्या एका चौकोनावर लावली तर खरे भोवरेही गळतात, म्हणून आजूबाजूच्या दोन-तीन हीलिंग लेंथच्या पट्ट्यात सरासरी घ्या. अडथळ्याच्या भोकातलेही मोजायचे नाहीत, अडथळा उतरल्यावर जे ढगात उरतात ते खरे.

तपासणी: भोवरे सहसा जोडीने सुटतात, एक उजवा एक डावा. सगळे एकाच दिशेचे येत असतील तर चिन्ह तपासा, किंवा जोडीतला एक कडेला निघून गेलाय का ते मधल्या फ्रेममधे बघा.

८. वेगाची मालिका आणि आलेख

स्थानिक ध्वनिवेगाच्या ०.१ पासून ०.९ पर्यंत रन घ्या, आणि जिथे बल शून्यावरून उठतं तिथे ०.०२ च्या पायऱ्यांनी परत या. लँडाउच्या निकषाने (घर्षण कुठल्या वेगापासून सुरू होतं ते सांगणारा) एकसमान ढगात उत्तर ध्वनीच्या वेगाएवढं यायला हवं, आणि पोरांना ०.४ च्या आसपास मिळालं की कोड चुकला असं वाटून घाबरतात. चुकलेला नसतो. अडथळ्याला वळसा घालताना प्रवाह बाजूला वेगवान होतो, वर्तुळाकार खांबाच्या कडेला आदर्श प्रवाहात थेट दुप्पट, त्यामुळे स्थानिक वेग ध्वनीला आधी गाठतो आणि तिथून भोवरे सुटतात. मोठ्या, आरपार न जाता येणाऱ्या अडथळ्याला टूडीमधे ०.४ च्या जवळपासच अपेक्षित असतं. आपल्या आकड्यांत ते अर्ध्या मिलिमीटर प्रति सेकंदाच्या जरा खाली येतं. आपला अडथळा मऊ कडांचा आणि ढग ट्रॅपमधला, म्हणून अगदी तोच आकडा ओढूनताणून आणू नका.

उंबरठ्याच्या अगदी जवळ भोवरा सुटायला फार वेळ लागतो, एका फेरीत सुटलाच नाही म्हणून तुम्ही तो वेग सुरक्षित धरता आणि उत्तर जास्त येतं. म्हणून तिथले तीन-चार वेग दीड फेरीने परत चालवा. उंबरठा खाली सरकला तर ते लिहा, लपवू नका. फेऱ्या मात्र फार वाढवू नका, अडथळा स्वतःच्याच खळबळीतून परत जायला लागतो. उंबरठ्याजवळचे दोन रन ५१२ च्या ग्रिडवर आणि अर्ध्या पायरीने परत घ्या, आणि सीड बदलून तीन वेळा.

फिरत्या ट्रॅपवाल्यांसाठी थोडक्यात

अडथळ्याऐवजी ट्रॅपच लंबगोल करून फिरवणार असाल तर टप्पे १ ते ५ अगदी तेच. आपल्या ढगात एक भोवरा ऊर्जेच्या हिशोबाने ट्रॅपच्या साधारण ०.२ पट फिरवल्यावरच परवडायला लागतो, पण रिअल टाइममधे तो ०.७ च्या आसपास आत येतो, कारण तिथे क्वाड्रुपोल मोडचा (ढग लंबगोल होऊन हलतो तो) अनुनाद असतो आणि त्याशिवाय कडेवरून आत शिरायला वाट मिळत नाही. ०.३ ला फिरवून काहीच झालं नाही म्हणून कोड फेकून देऊ नका. आणि शुद्ध जीपीत ऊर्जा कुठे जातच नाही, त्यामुळे भोवऱ्यांची जाळी शांत होऊन बसत नाही, तेवढ्यासाठी डावीकडच्या आयमधून ०.०३ एवढा गॅमा वजा करतात आणि नॉर्म हाताने टिकवतात. ०.७ ला फाइनमनच्या नियमाने (फिरण्याच्या वेगावरून भोवऱ्यांची दाटी सांगणारा) जास्तीत जास्त ३५ भोवरे बसतात, मोजणीत शंभर आले तर टप्पा ७ परत वाचा. हा गॅमा क्रिटिकल व्हेलॉसिटीच्या कोडमधे मात्र अजिबात राहू देऊ नका. परवाच एकाचा आलेख आला होता, बल पहिल्या वेगापासूनच सरळ रेषेत वाढत होतं, उंबरठा कुठेच नाही, आणि जाळीच्या कोडमधून कॉपी केलेली ती एक ओळ त्यात तशीच होती.